नव्वद सेकंदांचा फर्लांग

उमाकांतने खिशातून सेकंद मोजायचं घड्याळ काढलं, रुमालाने त्याची काच पुसली आणि आकड्यांकडे न बघताच पुन्हा खिशात टाकलं. सकाळपासूनची ही तिसरी खेप होती.

"काटा अजून बत्तिसावरच आहे," त्याची बायको प्रमोदिनी म्हणाली. "नऊ दिवस झाले. बिघडलंय का ते?"

"नाही."

"मग मागे का आणत नाही?"

"राहू दे तसंच." त्याने दाराआडची सायकल बाहेर काढली.

"आज पाण्याजवळ जाऊ नये म्हणतात हो."

"पाण्यात कोण जातंय? मीटिंग आहे."

पंचांगवाल्यांच्या हिशेबाने त्या दिवशी जग बुडायचं होतं. एकोणीसशे बासष्टचा फेब्रुवारी, आठ ग्रह एका राशीत येणार होते तो अष्टग्रहीचा रविवार. कानडी मुलखातल्या त्या विमानाच्या कारखान्याच्या वसाहतीत घरोघर होम चालले होते, आणि एरवी दगडाला शेंदूर लावायला तयार नसलेले इंजिनियरही आज सोवळं नेसून तुपाच्या आहुत्या टाकत होते. उमाकांतला यातल्या कशाचीच धास्ती नव्हती. त्याचं जग नऊ दिवसांपूर्वीच बुडालं होतं, आणि ते कुठल्या वेगाने बुडालं हे सांगणारा आकडा त्याच्या खिशात होता.

कारखान्यात तो तपासणी खात्यात होता. सुट्या भागांची मापं घ्यायची आणि केसभर फरक दिसला तरी माल परत पाठवायचा, हे त्याचं काम. दोस्त त्याला फूटपट्टी म्हणत. लग्नात अंतरपाट धरला तेव्हासुद्धा याने आधी त्याची लांबी मोजली असेल, असं एकाने म्हटलं होतं आणि उमाकांत खरोखरच विचारात पडला होता. अशा माणसाने सुट्टीच्या दिवशी स्वस्थ बसावं ही अपेक्षाच चूक. बेळ्ळंदूरच्या तळ्यावर हौशी लोकांचं नौकामंडळ होतं. गावातल्या पैसेवाल्या सभासदांनी मोटारबोटी आणल्या आणि तळ्यात रोज गवत कापणाऱ्या बायकांचे हरिगोल त्या लाटांवर हेलकावू लागले. हरिगोल म्हणजे बांबूची मोठी गोल टोपलीच. बाहेरून कातडं, वर डांबर, आणि हातात एक वल्हं. दोनदा टोपल्या उलटता उलटता राहिल्या तेव्हा उमाकांतनेच मंडळाच्या मागे लागून वेगाची मर्यादा घालून घेतली: ताशी पाच मैल. नियम केला तर तो पाळला जातो का हे बघायलाही कुणीतरी हवं. तेही त्यानेच अंगावर घेतलं. त्यासाठी दमडी मिळत नव्हती. मिळत होती ती दंडावर बांधायची पांढरी पट्टी, एक शिट्टी आणि सभासदांच्या शिव्या.

लव्हाळ्याच्या कडेने एक फर्लांग, म्हणजे मैलाचा आठवा भाग, मोजून त्याने दोन बांबू रोवले होते. पाच मैलांच्या वेगाने तेवढं अंतर कापायला नव्वद सेकंद लागतात. नव्वदच्या आत जो दुसरा बांबू ओलांडेल तो गुन्हेगार. घड्याळाचं बटण एकदा दाबलं की काटा सुटे, दुसऱ्यांदा दाबलं की थांबे, तिसऱ्यांदा दाबलं की शून्यावर येई. त्या बटणावर त्याचा अंगठा इतका बसला होता की झोपेतही हलत असे, असं प्रमोदिनी सांगे.

बंधाऱ्यावर येताच उमाकांतने सायकलवरून उतरून पलीकडच्या काठाकडे पाहिलं. होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली सात-आठ माणसं बसली होती. पुढे केळीच्या पानावर काहीतरी पांढरं होतं. त्याने मनात दिवस मोजले. शुक्रवारी, सव्वीस जानेवारीला यल्लव्वा गेली. आज दहावा.

त्याने मान वळवली आणि सायकल ढकलत मंडळाच्या इमारतीकडे निघाला.

यल्लव्वा आणि तिचा नवरा देवाप्पा खानापूरकडचे. कारखान्याच्या बांधकामावर गवंड्यांच्या हाताखाली आले आणि काम संपल्यावर तळ्याकाठीच राहिले. दोन म्हशी, तळ्यातलं गवत, उरेल ते गवळ्यांना विकायचं. गवत कापणाऱ्या बायकांमध्ये मराठी बोलणारी ती एकटीच, त्यामुळे उमाकांतचे नियम कानडीत समजावून सांगण्याचं काम आपसूक तिच्याकडे आलं. बोट दिसली की बायका जीव मुठीत धरून वाट फुटेल तिकडे पळत आणि नेमक्या बोटीच्या पुढ्यात येत. म्हणून उमाकांतने शिट्टीचा नियम काढला. एक लांब शिट्टी झाली की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं, बोटीने आणि हरिगोलांनीही. दोन आखूड शिट्ट्या झाल्या की सुटायचं. तीन रविवार तो काठावर उभा राहून शिट्ट्या वाजवत होता. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. यल्लव्वा हसली नाही. वल्हं मांडीवर आडवं घेऊन बसून दाखवत ती म्हणाली होती, "असं न्हवं, अण्णा? लांबडी झाली की बसायचं, दोन झाल्या की जायचं. एवढं काय अवघड हाय त्यात?"

मीटिंग इंग्रजीत होती. चिटणीस सुधींद्रराव सौम्य माणूस, कुणाचं मन मोडायचं नाही हाच त्यांचा स्वभाव. टेबलापलीकडे जयसिंगराव मान खाली घालून बसले होते. त्यांचा बांधकामाचा धंदा, गावात पिढीजात घर, आणि तळ्यावरची सर्वांत वेगवान बोट त्यांची. उमाकांतशेजारी पद्माकर होता, पहाऱ्याच्या बोटीचं सुकाणू धरणारा. तो नखं कुरतडत होता.

"पाटणकर, तुमची नोंद वाचून दाखवा," सुधींद्रराव म्हणाले.

उमाकांतने वही उघडली. "सव्वीस जानेवारी, सकाळी साडेदहा. जयसिंगराव यांची बोट. पाहुणे चार. एक फर्लांग, एक्केचाळीस सेकंद."

"म्हणजे?"

"ताशी अकरा मैल."

सुधींद्ररावांनी 'च्च् च्च्' केलं. बाकीच्यांनीही केलं. जयसिंगराव हलले नाहीत.

"शिट्टी दिली होती?"

"लांब शिट्टी दिली. ते थांबले नाहीत. आम्ही पाठलाग केला."

"बस्स, एवढं पुरे," सुधींद्रराव म्हणाले आणि लिहू लागले.

पुरे होतं खरं. उमाकांतने वही मिटली असती तर कुणी आणखी एक शब्द विचारला नसता. वहीत पुढे काहीच नव्हतं. पुढचं होतं ते खिशात.

त्या सकाळी झेंडावंदन आटोपून पाहुण्यांना फिरवायला निघालेले जयसिंगराव दुसऱ्या बांबूपलीकडे गेले आणि शिट्टी ऐकून त्यांनी नुसता हात हलवला. वर पाहुणे हसले. उमाकांतने एक्केचाळीस लिहून घेतले, काटा शून्यावर आणला, आणि मग त्याच्या डोक्यात काहीतरी तडकलं. दोन वर्षं त्याने शिव्या खाल्ल्या होत्या, एकदाही आवाज चढवला नव्हता. "सोड, पद्माकर!" तो ओरडला, "सोड, आज याला पकडायचाच!" पद्माकरने इंजिन पुरं सोडलं. पहाऱ्याची बोट जुनी, जड आणि पोटात रुंद. ती धावायला लागली की दोन्ही अंगांनी पाणी भिंतीसारखं उठे. पहिला बांबू गेला तेव्हा अंगठ्याने बटण दाबलं, दुसरा गेला तेव्हा पुन्हा दाबलं. त्याने सांगितलं नव्हतं. अंगठ्याला दुसरं काही येतच नव्हतं. शिट्टी दोरीवर छातीशी आपटत होती आणि त्याला फक्त पुढची बोट दिसत होती. शर्यतीच्या मैदानात घालवावी तशी ती दोन मिनिटं त्याला आवडली होती, हे त्याने अजून कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

मागून आरडाओरडा ऐकू आला तेव्हा त्याने वळून पाहिलं. लव्हाळ्याजवळ एक टोपली पालथी तरंगत होती आणि भोवती हिरवं गवत पसरत चाललं होतं. पद्माकरने उडी घेतली. पाण्याखाली वेलींचं जाळं होतं. तिला वर काढायला अर्धा तास लागला.

"तर मग," सुधींद्रराव लिहिणं थांबवून म्हणाले, "जयसिंगराव तीन महिने बोट बाहेर काढणार नाहीत. आणि तपासात असंही दिसतं की त्या बाईंच्या हरिगोलात गवत फार भरलं होतं. तेव्हा सुरक्षेसाठी हरिगोलांना लव्हाळ्याच्या बाहेर यायला मनाई करावी असा ठराव..."

"सर," उमाकांत म्हणाला.

त्याने घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "बत्तीस."

"काय बत्तीस?"

"तोच फर्लांग. बत्तीस सेकंद. ताशी चौदा मैल."

"कुणाची बोट?"

"आमची."

पद्माकरचं नख तोंडातच राहिलं. जयसिंगरावांनी सकाळपासून पहिल्यांदा मान वर केली. "माझ्या लाटेतनं ती निभावली होती," ते मराठीत हळूच म्हणाले. "मी वळून बघितलं होतं. पण माझं कोण ऐकतंय?"

"तुम्ही जरा थांबा," सुधींद्रराव त्यांना म्हणाले, आणि घड्याळ हातात घेऊन चष्म्याजवळ नेलं. "पाटणकर, तुम्ही फार मनाला लावून घेताय. चोरामागे पोलीस धावणार नाही तर काय करणार? बंब आग विझवायला निघाला तर त्याला कुणी वेग विचारतं? पहाऱ्याच्या बोटीला मर्यादा लागूच नाही." बोलता बोलता त्यांनी बटण दाबलं. काटा सर्रकन शून्यावर गेला. "छान चालतंय की. स्विस आहे ना?"

त्यांनी घड्याळ परत दिलं. वाईट हेतूने केलं होतं असं नव्हे. लहान मूलही हातात घड्याळ आलं की बटण दाबतं.

"सर, हे नोंदीत घ्या."

"कशाला? त्याने ती बाई परत येणार आहे का?" सुधींद्ररावांनी खरोखरच कळवळून विचारलं. "तुमच्यासारखा माणूस पहाऱ्यावरून गेला तर मंडळाचं नुकसान होईल. ठराव मंजूर?"

सहा हात वर गेले. सातवा, जरा उशिराने, पद्माकरचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती इथे इतक्या शांतपणे झाली की चहाचे कप खाली ठेवल्याचाही आवाज आला नाही.

उमाकांत बाहेर पडला तेव्हा त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. बोललो. कुणी लिहून घेतलं नाही, पण मी बोललो. हे हलकेपण जाणवताच त्याला स्वतःची किळस आली, आणि तरी ते हलकेपण जाईना.

पायरीखाली देवाप्पा उभा होता. डोकं तुळतुळीत, कमरेला ओला पंचा, पायाला काठावरचा चिखल. आत यायची त्याला हिंमत झाली नसावी. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"अण्णा, जरा येतासा काय पलीकडं? तुमचंच काम हाय."

"काय झालं?"

"कावळा शिवंना झालाय."

उमाकांतने पलीकडच्या झाडाकडे पाहिलं.

"दोन तास झाले. येत्यात, झाडावर बसत्यात, खाली उतरंनात. लोक म्हणत्यात अष्टग्रहीमुळं. पण मला तसं वाटत न्हाई. म्हशी विकत न्हाई म्हणून सांगितलं. धाकटीला शाळंतनं काढत न्हाई म्हणालो. दुसरी बायको करत न्हाई म्हणालो. तिच्या भैनीनं बोलून बघितलं. कशालाच न्हाई."

आता सांगितलं नाही तर पुन्हा कधीच नाही, असं उमाकांतला वाटलं. एकदा जमलं होतं, तेव्हा दुसऱ्यांदा सोपं जाईल अशीही त्याची समजूत होती.

"देवाप्पा, ती लाट जयसिंगरावांच्या बोटीची नव्हती. माझ्या बोटीची होती."

"ठावं हाय की," देवाप्पा म्हणाला. "मी काठावरच होतो न्हवं."

"ठाऊक होतं? मग कुणाला बोलला का नाहीस?"

"बोलून काय करू?" देवाप्पाने पंच्याचं टोक पिळलं. "आणि लाटेचं काय, अण्णा. लाटा रोज येत्यात. तिला काय लाट ठावं न्हवती? पैली लाट आली तवाच सगळ्या बायका लव्हाळ्यात शिरल्या. तिथं लाट मरती. ही बी निघालीच हुती. चार हात ऱ्हायलं हुतं."

"मग गेली का नाही आत?"

देवाप्पाने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने स्वतःच्या घराचा पत्ता विचारला.

"शिट्टी झाली न्हवं, अण्णा. लांबडी."

तळ्यावरून वारा आला. कुठल्याशा देवळात होमाचे मंत्र चालले होते, त्यांचा एक तुकडा वाऱ्याबरोबर आला आणि गेला.

"वल्हं मांडीवर घेतलं आणि बसली," देवाप्पा सांगत होता. त्याच्या आवाजात राग नव्हता. उलट कुठेतरी, उमाकांतला ऐकवेना, पण थोडा अभिमान होता. "बाकीच्या बायका ऐकत न्हाईत, ही ऐकायची. मी बोंबललो, 'सूट की गं, यल्लव्वा! अण्णांची बोट आली बघ!' तर तिनं माझ्याकडं बघून असं केलं." त्याने हात वर करून दोन बोटं दाखवली. "अजून दोन व्हायच्या हाईत म्हणून."

उमाकांतचा हात गळ्याकडे गेला. शिट्टी तिथेच होती. पट्टी आज बांधली नव्हती, पण शिट्टीची दोरी सकाळी सवयीने गळ्यात आली होती. बत्तीस सेकंद. नऊ दिवस तो तोच एक आकडा घासत बसला होता, आणि त्या बत्तीस सेकंदांतला एकही त्याने त्या दोन शिट्ट्या वाजवण्यात घालवला नव्हता.

"ती अजून तिथंच बसलीया असं वाटतं मला," देवाप्पा म्हणाला. "तेवढ्या दोन वाजवा येऊन. मग जाईल."

बंधाऱ्यावरून पलीकडे जायला पंधरा मिनिटं लागतात. दोघं एकामागून एक चालत गेले. उमाकांतने सायकल घेतली नाही. वाटेत देवाप्पा फक्त एकदा बोलला. हरिगोलांना मनाई झाली म्हणतात ते खरं काय, असं त्याने विचारलं, आणि उमाकांतने हो म्हटल्यावर कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणून पुढे चालू लागला.

होंगेखालच्या माणसांनी सरकून वाट दिली. केळीच्या पानावर भाताचे पिंड सुकत आले होते. शेजारी तिची वापरातली वस्तू म्हणून वल्हं ठेवलं होतं. मूठ हाताने झिजून गुळगुळीत झालेली, पात्याला गवताचा हिरवा डाग. पाच-सहा कावळे फांदीवर बसून माना वाकड्या करून खाली बघत होते. यल्लव्वाच्या बहिणीने उमाकांतकडे पाहिलं आणि लगेच पदर पुढे ओढला.

"वाजवा," देवाप्पा म्हणाला.

उमाकांतने शिट्टी ओठांना लावली. तोंड कोरडं पडलं होतं, पहिल्यांदा नुसती हवा गेली. त्याने ओठ ओले केले, तळ्याकडे तोंड केलं आणि वाजवली. एक आखूड. मग दुसरी.

कावळे फडफडून उडाले. सगळेच. पाण्यावरून लांब वळसा घालून ते लव्हाळ्याच्या बाजूला गेले आणि तिथे घिरट्या घालू लागले. कुणीतरी सुस्कारा सोडला. बहीण रडू लागली.

"गप," देवाप्पा तिला म्हणाला. "स्वल्प दम धर. येतील." मग उमाकांतकडे वळून त्याने जमिनीवर हात ठेवला. "बसा, अण्णा. आता तिच्यावर हाय."

घोळक्यात जागा फारशी नव्हती. उमाकांतने पानाशेजारचं वल्हं उचललं, त्याच्या जागी मांडी घातली आणि ते मांडीवर आडवं घेऊन बसून राहिला.